उलटी वाहणारी नदी आणि धोंड्याच्या महिन्यातलं वाण

बसमधला माइक हातात आला की मला थापा मारायचा परवाना मिळतो, अशी माझी पक्की समजूत आहे. आमच्या मालकांना ती मान्य नाही. पण मालक व्हँकुव्हरजवळ सरेच्या ऑफिसात बसतात आणि मी बसमध्ये उभी असते, त्यामुळे या मतभेदाचा कामावर कधी परिणाम झाला नाही.

मी टूर गाइड. त्यातही एका फार खास जमातीची. उन्हाळा आला की भारतातून आई-बाबा येतात. पहिला आठवडा कौतुकाचा. दुसऱ्या आठवड्यात आई सुनेचे मसाल्याचे डबे नव्याने लावते आणि बाबा बॅकयार्डातली चांगली रोपं तण समजून उपटतात. तिसऱ्या आठवड्यात मुलगा आमच्या ऑफिसात फोन करतो. बर्फाचे डोंगर बघून झालेले असतात, धबधब्याखाली रेनकोट घालून भिजून झालेलं असतं. उरते ती आमची दोन दिवसांची सहल, जिला मी ‘सुकी टूर’ म्हणते. ब्रिटिश कोलंबियाचा अगदी दक्षिणेकडचा, अमेरिकेच्या हद्दीला टेकलेला कोरडा कोपरा. सिमिलकमीनचं खोरं, तिथून खिंड ओलांडून ओसोयूस आणि परत.

“कॅनडात येऊन वाळवंट काय बघायचं?” असं पन्नासातले पन्नास लोक विचारतात. मी त्यांना सांगते, “काका, बर्फ कॅनडात असतोच. वाळवंट असणं ही बातमी आहे.” काका तिकीट काढतात. बातमी सोडवत नाही आपल्या माणसांना.

गाइडचं काम बाहेरून फार रुबाबदार दिसतं. खरं सांगायचं तर निम्मं काम वॉशरूमचं. कुठे आहे, किती लांब आहे, किती स्वच्छ आहे आणि मागच्या वेळी थांबलो तेव्हा तुम्ही का गेला नाहीत. उरलेलं निम्मं काम म्हणजे डबा खाऊन पेंगणाऱ्या माणसाला खिडकीबाहेर बघायला लावणं. डोंगर स्वतः काही बोलत नाही. त्याच्या वतीने मी बोलते. डोंबिवलीत असताना हौशी नाटकांत मी तीन अंक शेजारीण म्हणून घालवलेत, नायिकेचं काम एकदाही मिळालं नाही. ती सगळी कसर मी कॅस्केड पर्वतावर काढली.

घाटात माझं एक ठरलेलं भाषण आहे. होप गाव सोडलं की दोन्ही बाजूंनी गच्च ओलं हिरवं जंगल, नेचे, शेवाळ, ढग काचेवर आलेले. मी म्हणते, “मंडळी, हे ढग समुद्रावरून निघालेत. त्यांना पलीकडे जायचंय. पण डोंगर मधे उभा आहे आणि तो म्हणतोय, सामान इथेच ठेवा. ढग बिचारे सगळं पाणी या बाजूला ओततात, हलके होतात आणि मग वर चढतात. पलीकडे उतरतात तेव्हा ते पिळून वाळत घातलेल्या पंचासारखे असतात. आता बघा गंमत.” मॅनिंगची खिंड उतरायला लागलो की झाडं विरळ होतात. प्रिन्स्टन गाव मागे गेलं की डोंगरांच्या अंगावरचे कपडेच जातात. उघडे, तांबूस, घसरणाऱ्या दगडगोट्यांचे उतार, सेजब्रशची करडी झुडपं, पिवळं गवत. आणि या सगळ्याच्या तळाशी हिरवीगार, दंगेखोर सिमिलकमीन. मग कोणीतरी हमखास म्हणतं, “अगदी आपल्या माणदेशासारखं.” त्या वाक्यासाठी मी घसा साफ करून थांबलेली असते.

आता सुमनकाकूंची गोष्ट सांगते. पंधरा सालचा उन्हाळा. त्या वर्षी अधिक आषाढ आला होता, आणि उन्हाने असा कहर केला होता की सरेत पंखे मिळत नव्हते.

काकूंचा फोन माझ्या घरी आला. नंबर त्यांनी ऑफिसातून गोड बोलून काढला होता.

“मंजूताई, तुमची बस चेरीच्या बागेत थांबते म्हणे.”

“थांबते की. प्रत्येक फेरीला.”

“एकाच बागेत थांबते, का कुठल्याही?”

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी विचारलं, “तुम्हाला कुठल्या बागेत थांबायचंय?”

मग त्यांनी सगळं सांगितलं. सांगलीकडची माणसं. अप्पा, म्हणजे त्यांचे यजमान, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले इंजिनिअर. उमेदीची सगळी वर्षं कर्नाटकच्या हद्दीवरच्या जत तालुक्यात, कोरड्या जमिनीत पाणी पोचवण्याच्या खटपटीत गेलेली. मुलगा सरेत, त्याच्याकडे आलेले. मुलगी मृदुला शिकायला व्हँकुव्हरला आली आणि सिमिलकमीनच्या खोऱ्यातल्या केरेमिअस गावाखाली सफरचंद-चेरीच्या बागा असलेल्या एका पंजाबी घरातल्या मुलाशी, हरजीतशी, तिने लग्न केलं. आधी लग्न केलं, मग कळवलं. अप्पांनी तेव्हापासून तिच्याशी बोलणं टाकलं. कॅनडाला आले तेही एका अटीवर, तिकडचं नाव काढायचं नाही. जावयाचं तोंडही बघायचं नाही.

“आणि आता धोंड्याचा महिना आलाय,” काकू म्हणाल्या.

ज्यांच्या घरात ही पद्धत नाही त्यांच्यासाठी सांगते. अधिक महिन्यात, म्हणजे आमच्या काकूंच्या धोंड्याच्या महिन्यात, जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला घरी बोलावून जेवू घालायचं, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, वर दिवा ठेवायचा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे सासू-सासऱ्यांनी जोडीने द्यायचं, आणि जोडीने त्याच्या पाया पडायचं. एरवी वर्षानुवर्षं जो जावई सोफ्यावर पाय पसरून चहा मागतो, त्याच्या पायाशी सासरे वाकतात. नारायणाचे लाड, दुसरं काय!

“माझ्या एकटीनं देऊन चालत नाही,” काकू म्हणाल्या. “आणि पुढचा धोंडा तीन वर्षांनी. आमची वयं काय तुम्हाला माहीत नाहीत, पण गुडघे सांगतात. एकदा जोडीनं दिलं की माझं झालं. मग बोलू देत, न बोलू देत.”

“अप्पांना काय सांगणार?”

“नदीचं खोरं बघायला चाललोय म्हणून सांगितलंय. बंधारे आहेत म्हटलं. आहेत ना?”

“नसले तर मी दाखवीन,” मी म्हटलं.

मंडळी, चाळीत लहानाची मोठी झालेली बाई मी. कोणाच्या तरी घरात अबोला आहे आणि तो मोडायचं कंत्राट मला मिळतंय, म्हटल्यावर मला रात्रीची झोप लागेना. मी मृदुलाला फोन केला, बस तुमच्याकडे थांबेल म्हटलं. तिने मला पत्ता तीनदा सांगितला.

अप्पा बसमध्ये चढले ते थेट पहिल्या सीटवर. मांडीवर दुर्बीण. उंच, सडपातळ, पांढरा सदरा, मिशी अशी की तिला स्वतःचं पेन्शन असावं. काकू त्यांच्या शेजारी, मांडीवर स्टीलचा मोठा डबा. तो डबा त्यांनी वर ठेवू दिला नाही. खाली ठेवू दिला नाही. सीटबेल्ट दोघांना मिळून लावला.

पहिल्या दिवशी अप्पांनी मला छळ छळ छळलं. मी ढगांचं भाषण केलं. अप्पा म्हणाले, “त्याला पर्जन्यछाया म्हणतात. चौथीच्या पुस्तकात आहे.” मी म्हटलं, “अप्पा, चौथीत तुम्हाला पंचाची उपमा दिली होती का?” बस हसली. अप्पा हसले नाहीत, पण त्यांनी माझ्यावर रोखलेली दुर्बीण काढून डोंगराकडे लावली. तो मी मान समजले.

मग मी माझा हुकमी पत्ता काढला. मी सांगितलं, इथे दोन नद्या आहेत. आपल्या खिडकीखालची सिमिलकमीन आणि उद्या दिसेल ती ओकानागन. दोघी दक्षिणेला जातात, पासपोर्टाशिवाय हद्द ओलांडतात आणि अमेरिकेत शिरल्याबरोबर भेटतात. ओकानागन सरळमार्गी, तळ्यातळ्यातून शांतपणे येणारी. सिमिलकमीन बर्फाच्या पाण्याची, डोक्याने गरम. एखाद्या वसंतात वर डोंगरातलं बर्फ भसाभस वितळलं की सिमिलकमीन इतक्या जोरात येते की संगमाला ओकानागनला पुढे जायला जागाच राहत नाही. ती मागे ढकलली जाते. नदी उलटी वाहते आणि ओसोयूसचं तळं खालच्या बाजूने भरायला लागतं.

“थापा,” अप्पा म्हणाले.

“देवाशपथ.”

“नदी उलटी वाहत नसते. मी खात्यात होतो.”

“तुमच्या खात्यात नसेल वाहत. तिथे मुळात सरळ वाहायची मारामार होती, असं ऐकलंय.”

हे जरा लागलं. मला कळलं, पण माइक चालू होता. अप्पा काचेकडे वळले. आता गंमत बघा, माझ्या शंभर थापांत हे शंभर टक्के खरं होतं, आणि नेमकं त्यावरच माझी पत गेली. त्यानंतर मी सांगितलं की चेरी पिकायच्या वेळी पाऊस पडला तर बागवाले हेलिकॉप्टर बोलावतात, झाडांवरून खाली खाली उडवतात आणि पंख्याच्या वाऱ्याने चेऱ्या वाळवतात, नाहीतर पाणी पिऊन त्या फुटतात. हेही खरं. मागून एक काका म्हणाले, “ताई, आता थोडं कमी करा.”

संध्याकाळी ओसोयूसला उतरलो. चारी बाजूंनी भाजलेले डोंगर, मधे निळं तळं, आणि तळ्याच्या पार त्या टोकाला अमेरिका. तिथे दर फेरीला होतो तो तमाशा त्याही दिवशी झाला. पलीकडच्या टॉवरचं सिग्नल पकडून सगळ्यांचे फोन एकदम किणकिणले, युनायटेड स्टेट्समध्ये आपलं स्वागत आहे! नाशिकच्या दातेकाकांनी मेसेज वाचला आणि पांढरेफटक पडले.

“ताई, आपण हद्द ओलांडली? माझ्याकडे अमेरिकेचा व्हिसा नाहीये!”

“काका, मोटेलचं दार आहे हे. कॅनडाचं.”

“मग हे स्वागत कोण करतंय?”

“फोन गेलाय अमेरिकेला. तुम्ही इथेच आहात.”

काकांनी फोन बंद केला, रुमालात गुंडाळला आणि बॅगेच्या तळाशी पुरला. पोलिसांनी विचारलं तर फोन माझा नाहीच म्हणून सांगायचं, असं बायकोला बजावलं. अप्पा हे सगळं बघत होते. मला म्हणाले, “जतला आमची अर्धी हयात कर्नाटकाच्या टॉवरवर गेली. कानडीत स्वागत व्हायचं.” दिवसभरात ते माझ्याशी एवढंच सरळ बोलले. माणूस मजेशीर होता. लपवत होता, इतकंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पूर्वेच्या डोंगरावर चढलो. त्याचं नाव अॅनार्किस्ट माउंटन, म्हणजे अराजकवाद्याचा डोंगर. नकाशातलं खरं नाव आहे, माझं नाही. वरून अख्खा मुलूख दिसतो. तळं, गाव, पाण्याच्या काठाने बागांच्या हिरव्या पट्ट्या, आणि जिथे पाणी पोचत नाही तिथे हिरवा रंग सुरीने कापल्यासारखा संपून करडं सेजब्रश सुरू. अप्पा कठड्याला टेकून बराच वेळ ती रेघ बघत राहिले.

“किती उंचीपर्यंत पोचवलंय बघा,” ते कोणालाच उद्देशून न बोलल्यासारखे म्हणाले.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी काकूंकडे. परतीच्या वाटेवर खिंड ओलांडून आम्ही पुन्हा सिमिलकमीनच्या खोऱ्यात उतरलो आणि दुपारच्या सुमाराला मी ड्रायव्हर बल्लीला खूण केली.

बल्ली म्हणजे बलविंदर. सरेचा सरदार, जगातला सर्वांत सावकाश ड्रायव्हर. त्याने बस हायवेवरून आत घेतली. दोन्हीकडे बागा, मागे उघडा कातळ, समोर फ्रूट स्टँड, त्याच्या पाठीमागे घर. मी माइकवर जाहीर केलं, “चेऱ्या खा, विकत घ्या, झाडावर चढू नका!” माणसं भराभरा उतरली. आणि स्टँडच्या सावलीतून एक मुलगी पुढे आली. सलवार-कमीज, कपाळावर चंद्रकोर. हाताची बोटं एकमेकांत अशी घट्ट अडकवलेली की सोडवायला कोणीतरी लागलं असतं.

अप्पांनी तिला खिडकीतून पाहिलं. अर्धे उठले होते, ते पुन्हा बसले.

“सुमन,” ते म्हणाले, “हे तू केलंस?”

“केलं,” काकू म्हणाल्या.

“मी उतरणार नाही.”

“तुमची मर्जी. बस थंड आहे.” आणि डबा छातीशी धरून त्या एकट्या खाली उतरल्या. मायलेकी भेटल्या तिकडे मी पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं, पण थोडंच.

बसमध्ये उरलो आम्ही तिघं. बल्ली स्टिअरिंगवर हात ठेवून डोळे मिटून पडला. अप्पा दगडासारखे समोर बघत बसले. माझं नाटक पहिल्याच अंकात पडलं होतं. मी मनात सगळे संवाद जुळवून पाहिले. लेकीच्या डोळ्यातलं पाणी, म्हातारपण, नातवंडं. एकही या मिशीपुढे टिकणारा नव्हता.

तेवढ्यात बाहेर फस्स झालं.

घराच्या बाजूच्या सफरचंदाच्या बागेत झाडांच्या डोक्यावरचे स्प्रिंकलर सुरू झाले. ओळीच्या ओळी. भर दुपार, रणरणतं ऊन, आणि हवेत पाण्याचा पांढरा धूर. इंद्रधनुष्य पडलं होतं. अप्पांची मान फिरली. मग धड फिरलं. मग त्यांनी दुर्बीण उचलली.

“हे काय चाललंय?”

आता हे काय चाललंय ते मला पक्कं माहीत होतं. दर फेरीला मी ते समजावून सांगते. पण मी चेहरा साधाभोळा केला, ज्यासाठी मला शाळेत एकदा उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं.

“पाणी घालताहेत, अप्पा.”

“आत्ता? दुपारी? निम्मं हवेत उडून जातंय!”

“इथे पाण्याचं काय कौतुक! नदी दाराशी आहे. उडवतात आपले.”

“आणि ते पाणी कुणाला देतात? पानांना! मुळं खाली असतात हे कोणी सांगितलं नाही का या माणसाला?”

“कोण सांगणार? वडीलधारं कोणी बोलतच नाही त्याच्याशी.”

अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता भांडं फुटलं. पण त्यांच्या डोक्यात मी नव्हतेच. काकूंनी सांगितलं होतं, जतला कालव्याच्या अगदी शेवटच्या फाट्यावर माणसं कोरड्या चारीत बसून राहायची, त्यांच्या घागरी होत्या बहुतेक त्या डोक्यात. ते उठले. चष्मा सावरला. बल्लीने दार उघडलं, कारण झोपला नव्हताच तो, आणि अप्पा भर उन्हात तरातरा बागेत शिरले. मी मागे. बल्ली माझ्या मागे.

हरजीत तिथे एका व्हॉल्वपाशी वाकलेला होता. जीन्स, गमबूट, निळी पगडी, पाठ भिजलेली. अप्पांनी नाव नाही, गाव नाही, थेट सुरुवात केली. आमच्या सांगलीच्या माणसाचं हिंदी आवाज चढला की मराठीच असतं.

“ओ! ये क्या लगाया है? भर दुपार को पानी उडाता है? ये क्या रंगपंचमी है?”

हरजीत सरळ उभा राहिला. कोण आहे हे त्याला कळलं होतं. मी शपथेवर सांगते, त्या सहा फुटी माणसाच्या हातातला पाना खाली पडला.

“अंकलजी, पानी नहीं दे रहा.”

“मग हे काय पडतंय? दूध?”

“ठंडा कर रहा हूँ, जी. इतनी धूप में सेब जल जाता है. सनबर्न. एक तरफ से भूरा पड़ जाता है, फिर कोई लेता नहीं. थोड़ी देर चलाता हूँ, बंद करता हूँ. जड़ों को पानी अलग है, नीचे से, ड्रिप से.”

अप्पा थांबले. पाणी त्यांच्या मिशीवरून ठिबकत होतं. त्यांनी हात वर करून एक हिरवं, लिंबाएवढं सफरचंद चाचपलं, मग शेजारच्या कोरड्या झाडावरचं चाचपलं. पुन्हा पहिलं. बायका भाकरी झाली का बघतात तसं.

“आणि चेरीवर का नाही उडवत?”

“चेरी फट जाती है, जी. उसके लिए तो बारिश के बाद हेलिकॉप्टर बुलाते हैं.”

अप्पांनी हळूच मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी नुसती भुवई उडवली.

मला वाटलं संपलं, आता अप्पा हरले, तोंड फिरवून बसकडे जातील. पण खात्यातला माणूस असा संपत नाही. त्यांनी पाण्यातून डोळे बारीक करून बागेच्या टोकाकडे पाहिलं.

“वो आखिरी लाइन देखो. वहाँ तो थुंकताय नुसतं. प्रेशर कहाँ है?”

“वो तो पहले से ऐसे ही है, अंकलजी. दारजी के, मतलब पिताजी के टाइम से.”

“पहले से ऐसे ही है!” अप्पा गरजले. “ये तो मेरे खाते का जवाब है! तीस साल मैंने ये जवाब सुना, और लोगों को ये जवाब दिया! पाइप किधर से आता है, दिखाव.”

आणि दोघं चालायला लागले. पुढे सासरे, भिजलेल्या चपलांनी पचक पचक करत. मागे जावई, पडलेला पाना उचलून दोन्ही हातांत धरून, परीक्षेला चालल्यासारखा. मृदुला घराच्या पायरीवर उभी होती. ओरडायचं का रडायचं हे तिला ठरवता येत नव्हतं, म्हणून ती दोन्ही थोडं थोडं करत होती.

मी आणि बल्ली तिला घेऊन आत गेलो. काकू स्वयंपाकघरात होत्या. पाट मांडले होते, समई लावली होती, ताटात अनारसे रचत होत्या. आणि रचता रचता त्यांचा चेहरा उतरला.

“मंजूताई, यात तीन कमी आहेत.”

मी बल्लीकडे वळले. बल्लीच्या दाढीत खसखस होती.

“मैडम, रात को आंटीजी ने डिब्बा मुझे फ्रिज में रखने को दिया था,” तो म्हणाला. “मैंने सोचा टेस्ट के लिए है.”

“तीन टेस्ट?”

“पहला समझ में नहीं आया.”

काकू खालीच बसल्या. तीस अनारशांचं वाण नसतं. पण डोकं चालवणारी बाई होती. “जाळीदार काहीतरी पाहिजे,” त्या म्हणाल्या. “नियम अनारशाचा नाही, जाळीचा आहे. बत्तासेसुद्धा चालतात.”

“जाळी?” मृदुलाने विचारलं, आणि बेसमेंटकडे पळाली. परत आली ती फ्रीझरमधली वॉफल्स घेऊन. गोल, चौकटी चौकटींची, कडक गारठलेली. काकूंनी एक उजेडात धरून बघितलं.

“हे काय असतं?”

“इथे नाश्त्याला खातात, आई.”

“अंडं आहे?”

मृदुलाने तुपाचं भांडं पुढे केलं. काकूंनीही पुन्हा विचारलं नाही. तूप लावून तीन वॉफल्स अनारशांवर चढली आणि त्यावर दिवा बसला. चौकटीत अगदी बेतानं बसला.

आता प्रश्न अप्पांचा. ते भिजून, चिखलाने माखून दारात आले आणि त्यांनी पाहिलं. पाट. ताट. दिवा. शेजारी रिकामा एक पाट. माझ्यासारखी बाई गप्प होती, यावरून काय ते समजा.

“धोंड्याचं वाण आहे,” काकू म्हणाल्या. “जोडीनं द्यायचं असतं.”

अप्पांनी खाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाले, “पाय ओले आहेत माझे.”

मृदुला टॉवेल घेऊन धावली आणि खाली बसून त्यांचे पाय पुसायला लागली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. पण एक पाय झाल्यावर दुसरा पुढे केला.

ते पाटावर बसले. दोघांनी मिळून ताट उचललं, हरजीतच्या हातात दिलं. आणि मग काकूंनी अप्पांच्या कोपराला हात लावला, आणि अप्पा, जे कधी मंत्र्यापुढेही वाकले नव्हते म्हणे, ते जावयाच्या पायाशी वाकायला लागले.

हरजीतला या भागाची कल्पना कोणी दिली नव्हती! सासरे पायाशी येताहेत हे बघून तो हबकला, ताट बल्लीकडे सोपवलं आणि “नहीं नहीं नहीं, पापाजी!” म्हणत स्वतःच त्यांच्या पायांकडे झेपावला. मधल्या वाटेत दोघांची डोकी अशी आदळली की बाहेर चेऱ्या खात असलेले दातेकाका विचारायला आले, काय पडलं.

अप्पा कपाळ धरून पाटावर बसले. हरजीत पगडी धरून जमिनीवर. आणि अप्पा हसायला लागले. आधी मिशी हलली, मग पोट, मग सगळेच अप्पा. “सुमन,” ते म्हणाले, “नारायण डोक्याने फार टणक आहे गं.” तेव्हा कुठे मृदुला नीट रडली.

पुढे मी बस भरली. चेऱ्यांचे बॉक्स, वॉशरूम, डोकी मोजणं. दोन कमी. मी बागेत गेले. शेवटच्या ओळीत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून अप्पा मातीत बसले होते आणि हरजीत पाइप उकरत होता.

“अप्पा, बस निघतेय.”

“निघू दे. हा जॉइंट उघडल्याशिवाय काही कळायचं नाही. आम्ही दोन दिवसांनी येऊ.” मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुमची ती नदी. हा म्हणतो खरंच उलटी वाहते म्हणून. याने स्वतः पाहिलंय.”

“मग?”

“मग काही नाही. सांगितलं.”

मी त्यांचं सामान काढायला बसच्या पोटाचं झाकण उघडलं. आत त्या दोघांची म्हणून एकच बॅग होती, अप्पांची. मी बल्लीला विचारलं, काकूंची कुठे? तो म्हणाला, ती तर सकाळीच आंटीजींनी वेगळी ठेवायला सांगितली होती. बस इथे थांबल्याबरोबर, माणसं उतरत होती आणि अंकलजी अजून आतच होते तेव्हा, त्याने ती घरात नेऊन ठेवली होती.

काकू पायरीवर उभ्या होत्या. मी अप्पांची बॅग त्यांच्यापाशी आणून ठेवली आणि विचारलं, “काकू, एवढी खात्री होती तुम्हाला, ते उतरतील याची?”

“खात्री कसली,” काकू म्हणाल्या. “मी राहणार होते.”

आणि बॅग उचलून आत गेल्या, कारण चहाचं आधण उकळून वर आलं होतं.